दोनशे सोळा डॉलर एकोणीस सेंट

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, वेनॅची नावाचं छोटं शहर आहे. सफरचंदाच्या बागांसाठी ते नावाजलेलं. १९३० साली तिथली वस्ती जेमतेम साडेअकरा हजार होती. गावातलं सगळ्यांत मोठं हॉटेल कॅस्केडियन. रेल्वेनं येणारे व्यापारी आणि प्रवासी तिथे उतरत. त्या हॉटेलात खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची, हे काम १९३३ पासून एल्सी पॅरिश करत होती. पगार तासाला २२ सेंट, पुढे वाढून २५ सेंट.

एल्सीचा जन्म १८९९चा, कॅन्सासमधल्या शेतकरी कुटुंबातला. ती तान्ही असतानाच वडील शेतावरच्या अपघातात गेले. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि पाठोपाठ सात बाळंतपणं. पहिला संसार मोडला, १९३४ मध्ये अर्नेस्ट पॅरिशशी दुसरं लग्न झालं. ही सगळी महामंदीची वर्षं. हातात कुठलं शिक्षण किंवा कसब नसलेल्या बाईला छोट्या गावात मिळण्यासारखी कामं ठरलेली होती: बागेत फळं तोडणं, हॉटेलात ताटं वाढणं किंवा खोल्या आवरणं.

तरीही या बायकांच्या पाठीशी एक कायदा होता, आणि तो मिळवण्यात त्यांच्यासारख्याच बायकांचा वाटा होता. सिएटल शहरात १९०० साली अ‍ॅलिस लॉर्ड नावाच्या वेट्रेसनं वेट्रेसांची संघटना उभारली. दिवसाचे दहा-बारा तास उभं राहून, ताटं वाहून पाय सुजलेल्या या बायका राज्याच्या राजधानीत जाऊन आमदारांना भेटल्या, भांडल्या. १९११ मध्ये राज्यानं बायकांसाठी आठ तासांच्या कामाचा कायदा केला आणि १९१३ मध्ये किमान वेतनाचा. एल्सीच्या कामाला त्यानुसार अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते. तासाला २५ सेंटनं हिशेब केला तर हातात पडत होते बारा.

मे १९३५ मध्ये तिला कामावरून कमी केलं. हिशेब मिटवायला मालकांनी सतरा डॉलर पुढे केले. तिच्या हिशेबानं थकबाकी २१६ डॉलर १९ सेंट होती. तिने सतरा डॉलर नाकारले आणि नवऱ्यासह कोर्टात दावा लावला.

या नकाराची किंमत आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात राहिलेल्याला लगेच कळेल. लहान गावात मालक, वकील, न्यायाधीश, दुकानदार सगळे एकमेकांना ओळखतात. एका हॉटेलावर दावा लावणाऱ्या बाईला दुसरं हॉटेल कामावर ठेवेल का, ही धास्ती खरी असते. हाती आलेले सतरा डॉलर म्हणजे तिचा दीड आठवड्याचा पगार. मंदीच्या दिवसांत ते घेऊन गप्प बसली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती.

पहिल्या कोर्टात ती हरली. कारण १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बायकांच्या किमान वेतनाचा असाच एक कायदा घटनाबाह्य ठरवला होता. मालक आणि नोकर यांनी आपसांत हवा तो करार करावा, सरकारनं मधे पडू नये, असा त्यामागचा विचार. वॉशिंग्टन राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं मात्र एल्सीच्या बाजूनं कौल दिला. मग मालक सर्वोच्च न्यायालयात गेले.

२९ मार्च १९३७ रोजी सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी निकाल वाचला. पाच विरुद्ध चार अशा मतांनी एल्सी जिंकली. पोट भरण्याइतकंही वेतन न देणारा मालक आपला भार शेवटी समाजावरच टाकत असतो, आणि समाजानं तो मुकाट्यानं का सोसावा, हा ह्यूज यांच्या निकालपत्राचा गाभा. १९२३चा निकाल रद्द झाला. बाजू बदलणारं निर्णायक मत होतं न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांचं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्यायालयात नवे न्यायाधीश भरण्याची योजना मांडली, म्हणून ते घाबरले, असं आजही सांगितलं जातं. ते मला पटत नाही. रॉबर्ट्स यांनी न्यायाधीशांच्या अंतर्गत बैठकीत एल्सीच्या बाजूनं मत दिलं ते डिसेंबर १९३६ मध्ये. रूझवेल्ट यांची योजना जाहीर झाली फेब्रुवारी १९३७ मध्ये. या वादानं ग्रंथ भरले, पण ज्या बाईमुळे हा खटला उभा राहिला तिची आठवण कित्येक वर्षं फारशी कुणी ठेवली नाही. ती पुढे कॅलिफोर्नियात राहायला गेली आणि १९८० मध्ये वारली.

निकालाच्या पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, देशभरासाठी किमान वेतनाचा कायदा आला. दर ठरला तासाला २५ सेंट. पण त्यातून स्थानिक हॉटेलं आणि खाणावळी वगळल्या गेल्या. म्हणजे एल्सीच्या खटल्यानं ज्या कायद्याची वाट मोकळी झाली, त्याचा लाभ एल्सीसारख्यांनाच मिळाला नाही! हॉटेल कामगार त्यात आले ते १९६६च्या दुरुस्तीनं, आणि तेव्हाही मालकांसाठी पळवाट ठेवून. वेट्रेसला गिऱ्हाईक टिप देतं, तेव्हा वेतनाचा काही भाग टिपमधूनच वसूल झाला असं मालकानं धरावं, ही ती पळवाट. १९९१ पासून वेट्रेसला मालकानं स्वतःच्या खिशातून देण्याची केंद्रीय रक्कम तासाला २ डॉलर १३ सेंटवर थांबली आहे. टिप धरून केंद्रीय किमान वेतनाचे ७ डॉलर २५ सेंट भरले नाहीत तर उरलेले मालकानं घालायचे असतात. पण त्यासाठी मालकाकडे हिशेब मागावा लागतो, आणि नोकरी टिकवायची असलेली बाई तो मागायला कचरते.

वॉशिंग्टन राज्यात मात्र हे चालत नाही. तिथे वेट्रेसला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, २०२५ मध्ये ते तासाला १६ डॉलर ६६ सेंट होतं, आणि टिप त्यावर वेगळी. वेनॅचीत आज ताटं वाढणाऱ्या बाईलाही पूर्ण किमान वेतन मिळतं. टेक्सास, जॉर्जिया अशा राज्यांत मात्र २ डॉलर १३ सेंटच चालू आहेत, आणि तिथेही मुलांना शाळेत सोडून कामावर धावणाऱ्या आया आहेत.

लेकाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाणाऱ्या वाचकांना म्हणूनच एक सांगणं आहे. तिथल्या हॉटेलात बिलाखाली टिपचा आकडा बघून आपल्याला ती उधळपट्टी वाटते. टेक्सासमध्ये असाल तर तो आकडा लिहिताना हात आखडू नका. ती बक्षिसी नाही, त्या बाईचा पगार आहे.