तित्तराला कायद्याचं कवच, माळाला कोणाचं?

वऱ्हाडात शिकारीचा नियम एका ओळीचा आहे. पण तो नीट समजून घ्यायचा तर मेळघाटातली ग्रामसभा, माळावरचा फासेपारधी आणि पिकाच्या राखणीला बसलेला शेतकरी, तिघांचंही ऐकावं लागतं.

सोयाबीन निघालं, तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या राहिल्या की मूर्तिजापूर, दर्यापूर, बार्शीटाकळीच्या शिवारात सकाळ-संध्याकाळ तित्तरांची ओरड ऐकू येते. याच दिवसांत गावोगावी एक प्रश्न हमखास निघतो. वाघ-बिबट्याचं समजलं, पण तित्तर, लावा, ससा मारायला काय हरकत आहे? मेळघाटात त्याला आणखी एक प्रश्न जोडला जातो. जमीन आदिवासींची, जंगलाशी नातं पिढ्यांचं, वनहक्काचा दावाही मंजूर; मग आपल्याच रानात शिकारीचा हक्क का नाही?

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि दोन्हींचं कायदेशीर उत्तर एकच आहे: शिकार करता येत नाही. पक्ष्याची नाही, सशाचीही नाही. आदिवासी क्षेत्रात नाही आणि स्वतःच्या सातबाऱ्यावरही नाही. मात्र एवढं सांगून थांबणं हा अन्याय आहे. ज्यांच्या हातातला फास आपण काढून घेतला, त्यांना त्या बदल्यात काय दिलं आणि ज्या पक्ष्यासाठी काढून घेतला त्याचा माळ तरी राखला का, हेही विचारलं पाहिजे.

परवान्यापासून बंदीपर्यंत

शिकारीवर पूर्वी बंदी नव्हती, बंधनं होती. इंग्रजांच्या काळात १९१२ मध्ये वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. ठरावीक प्राण्यांसाठी ठरावीक महिने शिकार बंद, असा त्याचा ढाचा होता. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला, तेव्हाही सगळी दारं बंद झाली नव्हती. मोठी शिकार, छोटी शिकार असे वर्ग होते आणि त्यांचे परवाने मिळत. ते परवाने १९९१ च्या दुरुस्तीने संपवले. आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी तरुणपणी परवान्यावरची शिकार पाहिली आहे, म्हणूनच ‘लहान शिकार चालते’ हा समज अजून टिकून आहे.

२०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वाघ, बिबट, काळवीट, मोर, खवल्या मांजर, घोरपड, तणमोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर आणि माळा-शेतांतले बहुतेक नेहमीचे पक्षी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. अनुसूची बदलली की शिक्षा बदलते, बंदी उठत नाही. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल, किंवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजारांचा दंड आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात तरतूद याहून कडक आहे.

शिकार म्हणजे केवळ गोळी घालणं नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसतं. फास लावणं, जाळं टाकणं, वाघूर बांधणं, विष घालणं, हाका करून जनावर पळवत आणणं, आमिष ठेवणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. पक्ष्याची अंडी उचलणं किंवा घरटं मोडणंही त्यातच येतं. कुत्री घेऊन सशामागे धावणारी पोरं, गलोलीने होले पाडणारी मुलं यांना कुणी हे समजावून सांगितलेलं नसतं. सांगण्याचं काम शाळेचं आहे, ग्रामपंचायतीचं आहे आणि घरातल्या मोठ्यांचंही आहे.

आदिवासी क्षेत्राचा वेगळा न्याय?

अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा आणि धारणी हे तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्र आहेत. कोरकू ही इथली मोठी जमात. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांत मोठी भर घातली. गौण वनोपज गोळा करणं, विकणं, चराई, मासेमारी, सामूहिक वनाचं व्यवस्थापन, हे हक्क कागदावर आले. पण त्याच कायद्यात, परंपरेने चालत आलेल्या इतर हक्कांना मान्यता देताना, वन्यप्राण्याची शिकार करणं, त्याला फाशात पकडणं किंवा त्याच्या शरीराचा भाग काढणं यांचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. वनहक्काचा पट्टा हातात आहे म्हणून ससा मारता येईल, असं जो कुणी सांगत असेल तो लोकांना तुरुंगाच्या वाटेवर ढकलतो आहे.

वन्यजीव कायद्यात याला एकच अपवाद लिहिलेला आहे आणि तो निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा. त्यांना १९६७ च्या अधिसूचनेने मिळालेले शिकारीचे हक्क कायद्याने अबाधित ठेवले.

जगात इतरत्र चित्र वेगळं आहे. अमेरिकेत नवाहो लोकांच्या भूमीवर त्यांचं स्वतःचं मासे व वन्यजीव खातं आहे. कोणत्या हंगामात, कोणत्या भागात, किती जनावरं मारायची हे ते ठरवतं आणि परवाने देतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पॅरो खटल्यात मूळनिवासींच्या मासेमारीच्या हक्काला संविधानाचं संरक्षण असल्याचं मान्य केलं. पण संवर्धनासाठी त्यावर बंधन घालता येतं, हेही त्याच निकालात सांगितलं. म्हणजे हक्क आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र नांदतात. लोकसंख्येचा दाब, उरलेल्या जंगलाचे तुकडे आणि प्राण्यांची घटलेली संख्या पाहता वऱ्हाडात उद्या शिकार खुली करा असं मी म्हणणार नाही. पण नियम ठरवण्याच्या बैठकीत त्या भूमीवरचा माणूस बसलेला असतो, ही गोष्ट आपण तिकडून घ्यावी.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने वन्यजीव, वन आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाच दिला आहे. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने तो वापरून दाखवला. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने उजाड टेकड्यांवर झाडं लावली, चराई-कुऱ्हाडीला शिस्त लावली, सीताफळाच्या विक्रीतून गावात पैसा आणला. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्काराने त्याची दखल घेतली. रान राखणारा गावातला असला की राखण टिकते, हे यातून दिसलं.

फाशाचेही नियम होते

शिकारीला नियम सरकारने पहिल्यांदा लावले, हा समज चुकीचा आहे. अकोला, अमरावती, वाशीमच्या माळांवर फिरणाऱ्या फासेपारध्यांचे स्वतःचे नियम होते. माधव गाडगीळ, कैलाश मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांच्या शिकारीचा अभ्यास करून १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारत. वैदू मुंगूस, रानमांजर आणि कासवांकडे वळत. फासेपारध्यांचा भर काळवीट आणि पक्ष्यांवर असे. एकाच मुलखात राहून तिघांनी रानाची वाटणी करून घेतली होती. फाशात अडकलेली गाभण हरणी आणि पाडस पारधी सोडून देत, ही त्यांची जुनी रीतही गाडगीळांनी नोंदवली आहे. उद्याचं पोट आजच मारू नये एवढी समज त्यामागे होती.

ही समज कोणत्या परिस्थितीत तुटली? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या समाजांवर जन्माने चोर असल्याचा शिक्का मारण्याची वाट उघडली आणि पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातली नजर बदलली नाही. दरम्यान माळ नांगराखाली गेले, ई-क्लासच्या गायरानांवर अतिक्रमणं झाली, काळवीट हटलं. रान आटल्यावर सोडून देण्याची चैन परवडेनाशी झाली. वर बंदी आली, मग उरलेली शिकार चोरून होऊ लागली आणि चोरून होणाऱ्या शिकारीला कसलाच नियम उरत नाही.

इथे एक भेद ठामपणे केला पाहिजे. मेळघाटात वाघांसाठी लोखंडी सापळे लावणाऱ्या, कातड्या-हाडांचा आंतरराज्य व्यापार करणाऱ्या टोळ्या वेगळ्या. त्यांच्यावर दया दाखवण्याचं कारण नाही. आठवडी बाजारात दोन तित्तरं विकून पीठ-मीठ नेणाऱ्या कुटुंबाला त्यांच्याच रांगेत उभं केलं, तर कायद्याचा धाक राहतो पण त्याच्याबद्दल आदर राहत नाही.

दुसरी वाट निघू शकते हे याच मुलखात दिसलं आहे. कारंजा लाड भागातून काम करणाऱ्या संवेदना संस्थेने कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या पुढाकाराने अकोला-वाशीमच्या फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ राखण्याचं काम उभं केलं. तणमोर हा पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावणारा पक्षी जगात आता काही शेकड्यांतच उरला आहे. तो कोणत्या माळावर उतरतो, कुठे उडी घेतो, हे पारध्याला जेवढं ठाऊक तेवढं क्वचितच कुणाला. ते ज्ञान फास लावण्यासाठी वापरलं जाई, तेच पक्षी राखण्यासाठी वापरलं गेलं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडून पारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही शाळा काढली. शिकारबंदी टिकवायची असेल तर अशी शाळाही तितकीच लागते जितकी वनचौकी.

पीक वाचवायचं कसं?

शेतकऱ्याचं दुखणं खरं आहे. रात्रीत कळप येतो आणि हरभऱ्याचा पट्टा साफ करून जातो. यासाठी कायद्यात मार्ग आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला धोका ठरत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून परवानगी देऊ शकतो. रोही आणि रानडुकरांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये परवान्याची पद्धत ठरवली. २०१५ मध्येच बिहारच्या काही जिल्ह्यांत हे दोन्ही प्राणी केंद्राने ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर केले होते. ती अधिसूचना महाराष्ट्राला लागू नाही. म्हणून आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज, नुकसानीचा पंचनामा, भरपाईची मागणी, हाच क्रम धरावा.

सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणं. त्यात डुक्कर मरतं, बिबट मरतो, शेजारचा शेतकरी मरतो आणि कधी तार लावणारा स्वतःच मरतो. सौरऊर्जेवरचं झटका मशीन क्षणभर झटका देतं, जीव घेत नाही. पैसे घालायचे तर त्यात घालावेत. कणकेच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब आणि विष घातलेलं धान्य हेही असेच आंधळे प्रकार आहेत. त्यांना डुक्कर, मोर आणि गावची गाय यांत फरक कळत नाही.

हे लक्षात ठेवा

• अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही आणि परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक परवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे नोंदणी करणं कायद्याने बंधनकारक आहे. विनापरवाना भरमार बंदूक हा शस्त्र कायद्याखालचा स्वतंत्र गुन्हा आहे.

• मोह, तेंदू वेचायला एकट्याने आणि अंधारात जाऊ नये. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही.

• स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्भावनेने, प्राणी मारला वा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. मात्र ती व्यक्ती त्या वेळी कायदा मोडत असेल तर हे संरक्षण मिळत नाही. मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो. त्याला हात न लावता लगेच कळवावं.

• फास, जाळं, तार, जखमी पक्षी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. फास स्वतः काढायला जाऊ नये. तो पुरावा असतो आणि त्यात जिवंत जनावर असेल तर ते उलटतं.

• पिंजऱ्यातला पोपट, मुनिया विकत घेऊ नये. तित्तराचं मटण कुणी देऊ केलं तर नाही म्हणावं. मागणी संपली की फास आपोआप कमी होतात.

आता ग्रामसभेची पाळी

बंदीने तित्तर मारणाऱ्याचा हात धरला, पण तित्तराचा माळ वाचवला नाही. गवत नसेल तर घरटं कुठे होईल? जमिनीवर अंडी घालणाऱ्या या पक्ष्यांना फासाइतकाच नांगर, वणवा आणि अतिक्रमण मारतं, आणि त्यासाठी कुणाला अटक होत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. बऱ्याच गावांत ती नोंदवही कपाटात आहे.

वऱ्हाडातल्या प्रत्येक सरपंचाला आणि ग्रामसेवकाला माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत ती वही बाहेर काढा. गावच्या ई-क्लासचा किती माळ उरला आहे ते मोजा. पक्ष्यांच्या विणीच्या काळात तिथे चराई आणि आग बंद ठेवण्याचा ठराव करा. आणि त्या समितीत गावाबाहेरच्या पालातला फासेपारधी, पाड्यावरचा कोरकू यांना बसवा, त्यांच्या राखणीला मजुरी द्या. रान ज्याला वाचता येतं त्याला रानाबाहेर ठेवून रान वाचणार नाही.