गाठ काढली, पुढे काय?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सागरहून आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. स्तनात लहानशी गाठ हाताला लागली होती. बायॉप्सीत कर्करोग ठरला होता. भोपाळच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की, रोग प्रारंभीच्या अवस्थेत आहे. गाठ व तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून स्तन राखता येईल, मात्र त्यानंतर किरणोपचार घ्यावाच लागेल. आम्ही इंदुराहून तातडीने निघालो. पोहोचलो तो बैठकीत निर्णय जवळजवळ झालेला. "मुळासकट काढून टाकलेले बरे, पुन्हा कटकट नको," असे वडीलधारी मंडळी म्हणत होती. आणि जिच्या देहाविषयी ही चर्चा चालली होती, ती आत सर्वांसाठी चहा गाळीत होती. आम्ही तिला एकीकडे विचारले. ती म्हणाली, "दादा, राखता येत असेल तर मला राखायचे आहे. पण भोपाळला पाच आठवडे राहू कुठे? आणि सासूबाईंना पाहील कोण?"

आमची विद्या मराठी वाङ्मयाची. तरी त्या आठवड्यात डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि वाचून जे उमगले, ते बहिणीपुरतेच ठेवणे आम्हांस योग्य वाटले नाही.

'मुळासकट काढा' हा विचार केवळ आपल्या घरांतील नव्हे. अमेरिकेतील शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी 1882 मध्ये अशीच शस्त्रक्रिया रूढ केली. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी, सारे ते काढीत. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ हीच रीत चालली. पुढे इटलीत मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी 1973 पासून आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी 1976 पासून तिची कसोटी घेतली. काही स्त्रियांचा स्तन काढला, काहींचा राखला, आणि दोन्ही गटांवर वीस वर्षे नजर ठेवली. 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आयुर्मानात फरक नाही. पण फिशर यांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. गाठ काढून किरणोपचार न घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 39 टक्क्यांच्या त्याच स्तनात रोग परत आला. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे 14 टक्के होते. शल्यविशारदाच्या डोळ्यांस न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात, आणि त्यांच्यासाठीच हे किरण असतात.

आमच्या शाळेतील एका शिक्षिकेने बऱ्याच वर्षांपूर्वी गाठ काढवून घेतली आणि "आता काही उरले नाही" म्हणून किरणोपचारास गेल्याच नाहीत. तिसऱ्या वर्षी त्याच जागी गाठ आली. दुसरी शस्त्रक्रिया होऊन त्या बऱ्या झाल्या, पण ज्यासाठी पहिली धडपड केली होती तो स्तन गेलाच.

आमच्या माळव्यात लोक या उपचाराला 'सिकाई' म्हणतात. शब्द सोयीचा खरा, पण फसवा. ऐकणारीला वाटते की आपल्याला भाजणार. प्रत्यक्षात उष्णता जाणवत नाही, दुखत नाही. आधी स्कॅन करून किरणांची आखणी करतात, त्वचेवर खुणा करतात, आणि मग रोज यंत्राखाली काही मिनिटे निश्चल पडून राहावयाचे. स्तन डावा असेल, तर कित्येक ठिकाणी खोल श्वास धरावयास सांगतात. त्यामुळे हृदय किरणांपासून दूर सरते. बाहेरून दिलेल्या या किरणांनी अंग किरणोत्सर्गी होत नाही. घरी येऊन नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावे. कातडी लालसर वा काळसर होते, थकवा येतो, पुढे स्तन काहीसा घट्ट वाटू शकतो. हे मात्र आधीच जाणून असावे.

आता त्या पाच आठवड्यांविषयी. पूर्वी 25 दिवसांत 50 ग्रे इतकी मात्रा देत. ग्रे हे किरणांचे माप. इंग्लंडमधील डॉक्टरांनी रोजची मात्रा किंचित वाढवून एकूण मात्रा घटविली, आणि 15 दिवसांत 40 ग्रे तितकेच गुणकारी असल्याचे दाखविले. आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे तीन आठवडे. पुढे तेथेच चार हजारांहून अधिक रुग्णांवर पाच दिवसांत 26 ग्रे देऊन पाहिले. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत हा एका आठवड्याचा क्रमही कमी पडला नव्हता. तरुण वयाच्या स्त्रियांना गाठीच्या जागी थोडी वाढीव मात्रा देतात. निवडक रुग्णांत स्तनाच्या त्याच भागापुरते किरण देऊन भागते. शस्त्रक्रियेच्या मेजावरच एकदा किरण देण्याचीही पद्धत आहे. मिलानच्या अनुभवात तीत रोग परतण्याचे प्रमाण अधिक आढळले, म्हणून तिचा मोह विचारपूर्वकच धरावा असे आम्हांस वाटते.

वयस्क स्त्रियांची गोष्ट थोडी निराळी. पासष्टी ओलांडलेली, गाठ लहान, काखेत प्रसार नाही आणि रोग संप्रेरकांच्या गोळ्यांना दाद देणारा, अशा स्त्रियांची एक पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. दहा वर्षांत किरणांविना 9.5 टक्क्यांत, तर किरणांसह 0.9 टक्क्यांत त्या जागी रोग परतला. आयुर्मान मात्र सारखेच राहिले. अशा आजीबाईंना डॉक्टरांच्या संमतीने किरण टाळता येतात. पण मग रोजची गोळी वर्षानुवर्षे चुकता कामा नये.

बैठकीतील मंडळींना आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना ठाऊक नव्हती. संपूर्ण स्तन काढला तरी किरणोपचार टळेलच असे नाही. काखेतील ग्रंथींत रोग असेल, तर तो बहुधा घ्यावाच लागतो. ज्या एका भयाने निर्णय घेतला जात होता, त्या भयालाच फारसा आधार उरला नाही. मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग आत जाऊन त्यांनी बहिणीला बैठकीत बोलावून घेतले आणि शेजारी बसविले.

स्तन राखूनच शस्त्रक्रिया झाली. काखेकडील भागही किरणांखाली घ्यावयाचा असल्याने डॉक्टरांनी एका आठवड्याऐवजी तीन आठवड्यांचा क्रम निवडला. रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत खोली मिळाली. सासूबाईंना मागे ठेवण्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडविला: "मी काय इथे भिंतींशी बोलत बसू?" म्हणून त्याही निघाल्या. सकाळी सूनबाई यंत्राखाली असताना त्या बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसत आणि परतल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एक फुली मारीत. तिसऱ्या शुक्रवारी पंधरावी फुली पडली आणि संध्याकाळच्या गाडीने दोघी सागरला परतल्या. कातडीचा काळसरपणा पुढे ओसरला. आता वर्षाचा मॅमोग्राम तेवढा जवळ आला आहे. त्यासाठी भोपाळला सासूबाई पुन्हा बरोबर निघणार आहेत म्हणे.