सव्वाचार हजार किलोमीटरची सॅक

अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर जाते. ती सलग चालायला साधारण पाच महिने लागतात. सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या ट्रेकला एखादं जादा जॅकेट खपून जातं. इथे ते रोज वाहायचं असतं.

म्हणून तयारीची सुरुवात वजनकाट्यापासून करावी. अन्न, पाणी आणि इंधन वगळता बाकी सामान सात-आठ किलोंच्या आत बसवायचा प्रयत्न करावा. तंबू, स्लीपिंग बॅग आणि खुद्द सॅक या तिन्हींतच सगळ्यात जास्त किलो दडलेले असतात. टूथब्रशचा दांडा कापण्याआधी त्यांच्याकडे बघा. उबेत मात्र काटकसर नको.

पाच महिन्यांचं अन्न कुणीच पाठीवर नेत नाही. चार-सहा दिवसांपुरतं घ्यायचं, वाटेतल्या गावात पुन्हा भरायचं किंवा तिथल्या पोस्टात आधीच खोकं पाठवून ठेवायचं. पाण्याचं गणित अवघड. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या टप्प्यांत पाच लिटर पाणी घेतलं, की पाच किलो वाढलेच.

पुढे सिएरा नेवाडाच्या बऱ्याच भागात अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या कडक डब्यात ठेवण्याची सक्ती आहे. रिकामा डबाच किलोभराचा असतो. तो पाठीलगत, मध्यभागी उभा ठेवावा. स्लीपिंग बॅग तळाशी, रेनकोट सगळ्यात वर. आणि बूट अर्धा नंबर मोठेच घ्या, कारण चालून चालून पाय सुजतात.