समकालीन कलेचं प्रदर्शन? तेरला भरवा!

धाराशिव जिल्ह्यात नवी चित्र-शिल्पकला दाखवायची तर आधी गॅलरी हवी, असं म्हणणाऱ्यांना तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात न्यावं. एका गावकऱ्याच्या छंदातून जमलेला हा ठेवा आज सरकारी संग्रहालय आहे. इथली हस्तिदंती बाहुली १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची जवळची नातलग मानली जाते. पण मातीच्या सातवाहनकालीन बाहुल्या जरा निरखून बघा: पुढची आणि मागची बाजू वेगवेगळ्या साच्यांत काढून सांधलेली, आतून पोकळ. शिल्पकलेच्या विद्यार्थ्याला याहून चांगला शेजार कुठे मिळणार?

'जुन्या वस्तूंत नव्या कलेचं काय काम?' हा आक्षेप मुंबईत केव्हाच निकालात निघालाय. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात २०११ मध्ये जितीश कल्लाट यांनी जुन्या संग्रहाच्या सोबतीनेच आपलं काम मांडलं. पुढे तिथेच अतुल डोडिया यांनी '७००० म्युझियम्स' या प्रदर्शनात गावोगावची काल्पनिक संग्रहालयं रंगवली. तेरमध्ये तसं संग्रहालय खरंखुरं उभं आहे, एवढाच काय तो फरक! प्रेक्षक कुठून आणणार, हा प्रश्न मात्र रास्त. तरी तेरच्या संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला भाविक येतातच. कुंभार संताच्या गावी मातीचं काम बघायला त्यांना वेगळं आवतण लागू नये. खरी अडचण जपणुकीची आहे. पुराणवस्तूंशेजारी खिळे ठोकणं, रंग सांडणं परवडणारं नाही. म्हणून चित्रं सुट्या फळ्यांवर लावावीत आणि शिल्पं बाहेर मोकळ्या जागेत मांडावीत.