कत्तलची रात आणि एकादशीचा दिवस

मतदानाच्या आदल्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास दिसतो : ‘आज कत्तल की रात’. पाकिटं कुठून कुठे गेली, कोणत्या गल्लीतली मतं रात्रीत फिरली, कोण कोणाच्या गाडीतून उतरताना दिसलं, याची ती रात्र. हा शब्द मोहरमचा आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात नसतं आणि वाचणाऱ्याच्याही. मोहरमच्या नवव्या आणि दहाव्या दिवसामधली रात्र ती कत्तलची रात. गंमत अशी की मूळच्या त्या रात्री जे घडलं म्हणून सांगतात, ते आपल्या निवडणुकांच्या नेमकं उलटं आहे.

हिजरी सन ६०-६१, म्हणजे इसवी सन ६८०. मुआविया वारला आणि त्याचा मुलगा यजीद दमास्कसच्या गादीवर बसला. गादी बापाकडून मुलाकडे जाणं ही इस्लाममध्ये तेव्हा नवी गोष्ट होती. यजीदला पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांची बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ हवी होती. हुसेननी ती दिली नाही. इराकमधल्या कूफा शहरातून ‘या, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ अशा आशयाची पत्रं येत होती. हुसेननी आपला चुलतभाऊ मुस्लिम बिन अकील याला पुढे पाठवलं. सुभेदाराचा धाक बसताच कूफेकरांनी अंग काढून घेतलं आणि मुस्लिम मारला गेला. हुसेन तोवर बायकामुलांसह वाटेला लागले होते. हुर नावाच्या सरदाराच्या घोडदळानं त्यांची वाट अडवली. मोहरमच्या दुसऱ्या दिवशी करबलाच्या माळावर तळ पडला आणि सातव्या दिवसापासून फुरात नदीचं पाणी तोडलं गेलं.

नवव्या दिवसाच्या रात्री, मजलिशींमध्ये, म्हणजे मोहरमच्या शोकसभांमध्ये सांगतात, हुसेननी सोबत्यांना जवळ बोलावलं. शत्रूला फक्त मी हवा आहे, तुम्ही शपथेतून मोकळे आहात, असं सांगून त्यांनी दिवा विझवला. जाणाऱ्याला तोंड लपवायला अंधार हवा, म्हणून. दिवा पुन्हा लागला तेव्हा माणसं होती तिथेच बसलेली होती. सकाळी एक पक्षांतर झालं खरं, पण ते हजारोंच्या फौजेकडून बहात्तरांच्या तळाकडे. वाट अडवणारा तो हुरच घोडा वळवून हुसेनकडे आला आणि त्याच दिवशी मारला गेला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरुषांपैकी जवळजवळ कोणी उरलं नाही. तहानलेल्या मुलांसाठी मशक भरून आणायला गेलेले हुसेन यांचे सावत्र भाऊ अब्बास नदीकाठीच पडले. हुसेन यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला, अली असगरलाही बाण लागला, असं परंपरा सांगते. हुसेन यांच्या मुलांपैकी आजारी असलेले झैनुल आबिदीन तेवढे वाचले. हुसेन यांची बहीण झैनब कैदी म्हणून कूफा आणि मग दमास्कसच्या दरबारात नेली गेली आणि तिथे भर दरबारात ती बोलली. करबलाची हकीकत जगाला कळली ती झैनबमुळे, असं शिया मानतात. मला विचाराल तर या कथेत हुसेन यांच्या खालोखाल उंचीचं पात्र तीच आहे.

मोहरमचं महत्त्व मात्र करबलापासून सुरू होत नाही. ‘मोहरम’ आणि ‘हराम’ यांचा धातू एकच. अर्थ ‘निषिद्ध केलेला’. या महिन्यात लढाई निषिद्ध. जिल्काद, जिल्हेज, मोहरम आणि रजब हे चार महिने अरबस्तानात इस्लामच्या आधीपासून असे पाळले जात आणि कुराणाच्या नवव्या सूरेनं त्यांवर शिक्कामोर्तब केलं. दहावा दिवस म्हणजे आशुरा. पैगंबर मदिनेला आले तेव्हा तिथले ज्यू या दिवशी मूसाच्या सुटकेची आठवण म्हणून उपास धरत. पैगंबरांनीही धरला, इतरांनाही सांगितलं. पुढे रमजानचे रोजे फर्ज झाले आणि आशुराचा उपास ऐच्छिक राहिला. सुन्नी घरांत आजही नववा-दहावा किंवा दहावा-अकरावा असा जोडीनं उपास होतो. शियांसाठी हे सगळे दिवस सुतकाचे : काळे कपडे, मजलिस, मर्सिया म्हणजे शोकगीतं, मातम म्हणजे छाती पिटून केलेला शोक. लग्नकार्याचं नावही नाही. म्हणून १ मोहरमला नवं हिजरी वर्ष लागतं हे खरं असलं तरी फुलांच्या चित्रासकट शुभेच्छा पाठवण्याआधी समोर कोण आहे ते पाहावं.

आपल्याकडे या महिन्याला आणखी एक अंग फुटलं. ताबूत, पंजे, सवाऱ्या, डोले. नवसानं पोराला मोहरमपुरतं फकीर करणारी हिंदू घरं होती, गळ्यात नाडा बांधून घेणारी होती. पश्चिम महाराष्ट्रात गुळाचे चोंगे आणि मलिदा पंजांपुढे ठेवला जातो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात आणि त्यांत हिंदूंचेही ताबूत असतात. सुन्नी उलेमांपैकी अनेकांना ताबूत मान्य नाहीत. त्यांनी तसं वेळोवेळी बजावलं, गावांनी वेळोवेळी ऐकून सोडून दिलं. १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर पुण्यातल्या हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली आणि सार्वजनिक गणेशोत्सव त्याच सुमारास उभा राहिला. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

करबलाचा तो दिवस इसवी सनाच्या हिशेबानं १० ऑक्टोबर ६८० ला येतो. पण तहानेच्या आठवणीत उभारलेली सबील, म्हणजे आपली पाणपोई, कधी मे महिन्यात लागते, कधी डिसेंबरच्या थंडीत. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी तोकडं. आपण हा तुटवडा साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून भरून काढतो. अरबही महिने पुढे-मागे करत. त्याला ‘नसी’ म्हणत. मोहरममध्ये लढायचं असेल तर यंदाचं पावित्र्य सफरला देऊन टाकायचे, असं बहुतेक भाष्यकार सांगतात; अल्-बिरूनीनं नसीचा अर्थ आपल्या अधिक महिन्यासारखाच लावला आहे. अर्थ कोणताही घ्या, कुराणानं ती सोय बंद केली. वर्षाचे महिने बाराच. तेव्हापासून मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि सुमारे ३३ वर्षांनी मूळ जागी येतो. वर्षांची मोजणी खलिफा उमर यांनी हिजरी १७ च्या सुमारास ठरवून दिली. ती मोजणी जिथून सुरू होते ती हिजरत (पैगंबरांचं मक्केहून मदिनेला जाणं) झाली रबिलावलमध्ये, पण वर्षारंभ ठेवला मोहरमचाच. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर ‘छ’ लिहून पुढे याच चांद्रमासांच्या तारखा पडत. दाऊदी बोहरा चंद्र बघत थांबत नाहीत. त्यांचं कोष्टक गणिती आहे, म्हणून त्यांचा आशुरा बहुधा एखाद-दोन दिवस आधी येतो.

आता आपलं पंचांग आणि हे कालगणन शेजारी ठेवून पाहा. दोन्ही महिने चंद्राचे. अमावास्येनंतर कोर दिसली की तिकडे महिना लागतो, म्हणून तिकडची दहा तारीख आपल्या शुद्ध एकादशीच्या आसपास पडते. २०२३ मध्ये बकरी ईद, म्हणजे १० जिल्हेज, आषाढी एकादशीलाच आली, २९ जून. त्या वर्षी श्रावण अधिक होता, तेवढ्यानं आपलं पंचांग एक महिना मागे सरकलं. मग २०२४ ची आषाढी १७ जुलैला आली आणि त्याच दिवशी आशुरा. २०२५ मध्ये ६ जुलैला पुन्हा तेच : पंढरपुरात वारी पोचलेली, मुंबईत इमामवाड्याच्या भागात मातमाची मिरवणूक. २०२६ मध्ये ही जोडी सुटते, कारण त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे. आषाढी २५ जुलैला आणि आशुरा जवळपास महिनाभर आधी, निज ज्येष्ठातल्या शुद्ध एकादशीच्या सुमारास. त्या एकादशीला पाणीही घेत नाहीत; पंचांगात तिचं नाव निर्जला.