खुब्याचे जुनाट दुखणे : तपासणी-अहवालाचे वाचन आणि उपचारांची निवड

मराठी बोलण्यात 'कंबर' हा शब्द पाठीचा खालचा भाग आणि खुबा या दोहोंसाठी सर्रास वापरला जातो. खुब्याच्या सांध्याची वेदना मात्र बहुधा जांघेत जाणवते. कधी तर ती केवळ गुडघ्यात उमटते. परिणामी वाशीम जिल्ह्यातील अनसिंगसारख्या गावातून तपासणीसाठी शहर गाठणाऱ्या रुग्णाचा एक्स-रे भलत्याच भागाचा काढला जाण्याची शक्यता असते.

विदर्भात या दुखण्याचे एक कारण विशेषत्वाने लक्षात घ्यावे लागते, ते म्हणजे सिकलसेल. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असल्याने तेथील हाड मृत होऊ लागते. यालाच 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस' म्हणतात. स्टेरॉइडचा वापर व अतिमद्यपान हीही त्याची कारणे होत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये कोविडनंतरचे असे तीन रुग्ण नोंदविले. तिघांनाही स्टेरॉइड दिले गेले होते.

साध्या एक्स-रेमध्ये हा बदल आरंभी दिसतच नाही. 'नॉर्मल' या दिलासादायक शेऱ्याचा अर्थ एवढाच की हाडाचा आकार अद्याप बिघडलेला नाही. त्यावर विसंबून वेदनाशामके घेण्यात गेलेले महिनेच पुढे महागात पडतात. एमआरआयमध्ये हा विकार बराच आधी कळतो. दोन्ही खुब्यांचा केल्यास न दुखणाऱ्या बाजूचाही उघड होतो. अशा अहवालातील कळीचा शब्द 'कोलॅप्स' हा होय : हाडाचा गोलावा खचला आहे की नाही? उलट, वयस्कांच्या अहवालातील 'ऑस्टिओफाइट', म्हणजे हाडाच्या कडेची वाढ, पुष्कळदा कोणतेही दुखणे नसताना आढळते. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरविणे उचित नाही.

गोलावा शाबूत असल्यास हाडास छिद्र पाडून आतील दाब कमी करणारी 'कोअर डीकम्प्रेशन' शस्त्रक्रिया करता येते. बिस्फॉस्फोनेट औषधेही दिली जातात. त्यांच्या उपयुक्ततेविषयी मात्र एकमत नाही. गोलावा खचून सांधा झिजल्यावर बहुधा संपूर्ण सांधा बदलणे हाच प्रभावी उपाय उरतो. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली ही शस्त्रक्रिया वेदना उत्तम प्रकारे घालविते. परंतु कृत्रिम सांधाही झिजतो आणि तरुण रुग्णास तो पुन्हा बदलावा लागू शकतो. सिकलसेलच्या रुग्णात जंतुसंसर्गाचा धोकाही अधिक असतो. शस्त्रक्रियेनंतर निदान काही काळ उकिडवे बसणे टाळावे लागते, कारण त्या स्थितीत सांधा निखळू शकतो. निंदण-खुरपणावर पोट असलेल्या शेतमजूर स्त्रीला ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितली गेली पाहिजे.