गिटार खाली ठेवल्यावर

2025 मध्ये ब्लॅक सॅबथचा गायक ओझी ऑस्बर्न गेला आणि त्यानं स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावल्याचा किस्सा सगळ्यांनी पुन्हा चघळला. ब्लॅक सॅबथच्या 1973 च्या 'सॅबथ ब्लडी सॅबथ'मधलं 'हू आर यू?' मात्र फारसं कुणाला आठवलं नाही. ते ओझीनं सिंथेसायझरवर रचलं होतं. हेवी मेटलच्या घरात हे वाद्य इतकं जुनं आहे. तरीही एखादा मेटल बँड संथ सुरांकडे वळला की 'बाटला' म्हणायला चाहते मोकळे.

डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशननं फेब्रुवारी 2022 मध्ये 'टाइमवेव्ह झीरो' हा अल्बम काढला, तेव्हाही नाकं मुरडली गेली. हे चौघं मुळात डेथ मेटलवाले. इथे मात्र ना गुरगुर, ना ड्रमचा भडिमार. अँबियंट, म्हणजे संथ, सलग सुरांच्या दोनच लांबलचक रचना, मिळून चाळीसेक मिनिटं. रस्त्यावर रिक्षांच्या हॉर्नमध्ये हे ऐकायचं तर हेडफोन हवाच, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला बराच वेळ काही घडतच नाही. बर्लिनच्या टँजरिन ड्रीम या इलेक्ट्रॉनिक बँडची सावलीही जरा जास्तच गडद आहे. ब्लड इन्कँटेशनच्या 2024 च्या 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'वर तर टँजरिन ड्रीमचा थॉर्स्टन क्वेश्निंगच वाजवायला आला.

पण कोलांटी दिसते तेवढी मोठी नाही. डेथ मेटलमध्ये पिक तारेवर इतक्या वेगानं फिरते, ठोके इतके दाट पडतात, की सुटे आघात कानाला कळेनासे होतात. उरतो सलग गुंजारव. वेग काढून टाका, गुंजारव ठेवा, झालं अँबियंट.

मला या गुंजारवात तंबोरे घडवणारं मिरज दिसतं. घोडीवर जवारीचा दोरा किंचित सरकवला की तंबोऱ्याचा एकच सूर कितीतरी सुरांनी भरून येतो. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात स्थिरावले. त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ 1970 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि अमेरिकी संगीतकार ला माँट यंग, टेरी रायली त्यांचे शागिर्द झाले. सूर ताणत राहण्याचा नाद यंगला आधीपासूनच होता. तंबोरा मात्र तो प्राणनाथांकडे शिकला. यंग आणि रायली ही तर अँबियंटवाल्यांची वडीलधारी मंडळी.

मुंबईच्या पेंटाग्रामनंही 2002 च्या 'अप'मध्ये इलेक्ट्रॉनिक वळण घेतलं, पण ठेका सोडला नाही. सोडायला हवा होता, असं माझं मत. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आपल्याकडे गल्लोगल्लीच्या गायनवर्गात असते. एखाद्या मेटलवाल्यानं ती सरळ गिटारच्या अ‍ॅम्पला जोडून, आवाज पुरता चढवून बघायला काय हरकत आहे? शेजारी तक्रार करतील, पण ती आताही करतातच.